आक्रमक खेळा, पण कुणाच्या पैशावर?

दिवाळी आली की जुहूच्या बंगल्यांतल्या पत्त्यांच्या पार्ट्यांचे फोटो पेपरात येतात. कोण काय नेसलं होतं, कोण किती वाजता आलं, सगळं छापून येतं. त्याच आठवड्यात कुठल्यातरी गल्लीत चार रिक्षावाले तीन पत्ती खेळताना सापडतात आणि ती बातमी ‘जुगार अड्ड्यावर धाड’ म्हणून आतल्या पानावर येते. पत्ते तेच बावन्न. फरक फक्त राहत्या पत्त्याचा.

हा दुटप्पीपणा जुना आहे, त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला आज बोलायचंय ते पोकरच्या टूर्नामेंटबद्दल, आणि त्यातल्या एका शब्दाबद्दल. तो शब्द म्हणजे ‘अ‍ॅग्रेसिव्ह’. मी वर्षातून एक-दोनदा गोव्यात जाऊन टूर्नामेंट खेळतो, हे ठाऊक असलेला आमच्या नेहरूनगरचा एक पोरगा परवा म्हणाला, “काका, तुम्ही फार टाइट खेळता. आता जमाना अ‍ॅग्रेशनचा आहे.” रोज रात्री यूट्यूबवर तेच शिकतोय. पगार महिना तीस हजार.

खेळाबद्दल तो म्हणतोय ते शंभर टक्के बरोबर आहे. पैशाबद्दल मात्र त्याला कोणी काही सांगितलेलं नाही. आणि आपल्या कायद्यानेही तो प्रश्न आजवर नीट विचारलेला नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मधे पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडतात, आणि प्रत्येक टप्प्यावर पैज लावता येते. टूर्नामेंटमध्ये सगळे सारखी प्रवेश फी भरतात आणि सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात. त्या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. संपल्या की तुम्ही बाहेर. साधारण शंभर जण बसले तर वरच्या बारा-पंधरा जणांना बक्षीस मिळतं, आणि त्यातलाही मोठा वाटा पहिल्या तिघांचा. बाकीचे रिकाम्या हाताने घरी.

आता यात बचावात्मक खेळणारा का हरतो ते बघा. पत्ते वाटण्याआधीच काही चिप्स सक्तीने टाकाव्या लागतात. त्यांना ब्लाइंड आणि अँटी म्हणतात. तीन पत्तीतला बूट म्हणा. ही रक्कम दर वीस-तीस मिनिटांनी वाढत जाते. समजा ब्लाइंड ५०० आणि १,०००, वर १,००० ची अँटी. म्हणजे प्रत्येक डावाला २,५०० चिप्स टेबलावर पडलेल्या असतात. टेबलावर नऊ जण आहेत आणि तुमच्याकडे १५,००० चिप्स आहेत. काहीही न करता नुसते बसून राहिलात तरी नऊ डावांच्या एका फेरीत तुमचे २,५०० जातात. सहा फेऱ्यांत, म्हणजे ५४ डावांत, तुम्ही शून्यावर.

या ५४ डावांत ‘चांगले’ पत्ते किती वेळा येतील? एक्क्याची, राजाची किंवा राणीची जोडी, नाहीतर एक्का-राजा, यांपैकी काहीतरी येण्याची शक्यता साधारण ३९ डावांत एकदा. म्हणजे ५४ डावांत सरासरी दीड वेळाही नाही. वर ब्लाइंड वाढतायत ते वेगळंच. आणि इतका वेळ गप्प बसलेला माणूस अचानक चिप्स पुढे सरकवतो तेव्हा समोरच्यांना कळतंच की याच्याकडे काहीतरी आलंय. ते पत्ते टाकून देतात. वाट बघून मिळालेला एक डावही सुका जातो.

आक्रमक खेळाचं गणित इथून सुरू होतं. त्याच २,५०० साठी तुम्ही २,२०० ची रेझ केलीत. समोरच्या सगळ्यांनी शंभरातून ४७ वेळा पत्ते टाकले तर तुमचा हिशोब बरोबरीत सुटला. त्याहून जास्त वेळा टाकले तर नफा. यात तुमच्या हातात काय आहे हा प्रश्नच आलेला नाही. दुर्री-सत्ती असली तरी चालतंय. १९९५ साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकलेल्या डॅन हॅरिंग्टनने २००४ पासून आलेल्या आपल्या पुस्तकांत हाच हिशोब सोपा करून मांडला. तुमच्या चिप्स किती फेऱ्या पुरतील ते मोजा. तो आकडा जसा खाली येईल तसा हात सैल सोडा, थांबू नका.

पण आक्रमक म्हणजे माथेफिरू नव्हे. यूट्यूबवरच्या दहा सेकंदांच्या क्लिपमध्ये नेमका हा भाग कापला जातो. तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

एक, जागा. ज्याला सगळ्यांत शेवटी बोलायचं असतं त्याला सगळ्यांची माहिती आधी मिळते. हल्ला तिथून करायचा.

दोन, आपण पैज लावणं वेगळं आणि दुसऱ्याची पैज ‘बघणं’ वेगळं. आपण लावली तर जिंकायचे दोन रस्ते असतात: समोरचा पत्ते टाकतो, किंवा आपले पत्ते वरचढ निघतात. दुसऱ्याची बघायला गेलो तर एकच रस्ता उरतो. म्हणून खरा आक्रमक खेळाडू रेझ भरपूर करतो, पण कॉल मोजूनमापून करतो. नवशिके नेमकं उलट करतात. कॉल करत राहतात आणि त्याला हिंमत म्हणतात.

तीन, वेळ. बक्षिसाला पंधरा जागा आहेत आणि सोळा जण उरलेत, तेव्हा कोणालाच सोळावं व्हायचं नसतं. ज्याच्याकडे ढीगभर चिप्स आहेत तो त्या वेळी मधल्या लोकांवर सतत दबाव टाकतो, कारण ते घाबरलेले आहेत हे त्याला माहीत असतं. थोड्या फौजेने मैदानात ठाण मांडायचं नाही; जागा आपली, वेळ आपली, आणि समोरचा बेसावध असताना घाव घालायचा. मराठी माणसाला हे वेगळं शिकवायची गरज नाही.

एवढं पोकर मुद्दाम सांगितलं. कारण ज्या डावात सगळ्यांनी पत्ते टाकले तो डाव पत्ते न दाखवताच संपतो. कोणाला काय आलं होतं हे कधीच कळत नाही. म्हणजे त्या डावाचा निकाल नशिबाने लावलेलाच नाही, माणसांनी लावलाय. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी बनवलेला ‘प्लुरिबस’ नावाचा प्रोग्रॅम सहा जणांच्या टेबलावर नावाजलेल्या व्यावसायिकांना भारी पडला. तो स्वतःशीच खेळून शिकला होता आणि सर्रास ब्लफ करत होता. ज्यात यंत्र सरावाने माणसाला हरवतं, त्यात कौशल्य नाही असं म्हणायला जीभ रेटत नाही.

आपल्याकडे कायद्याची सगळी गाडी मात्र याच प्रश्नावर अडून राहिली: कौशल्य की नशीब?

महाराष्ट्रात आजही १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात ‘निव्वळ कौशल्याच्या’ खेळांना सूट आहे. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बक्षीस-स्पर्धांच्या निमित्ताने कौशल्य आणि जुगार यांत रेघ ओढली. १९६८ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं त्याच न्यायालयाने सांगितलं. पोकरवर मात्र एकमत नाही. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला जुगार ठरवलं. २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने पोकर आणि रमी हे कौशल्याचे खेळ म्हटलं. पत्ते तेच, राज्य बदललं की निकाल बदलतो.

मग ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा आणला. २० तारखेला लोकसभेत मंजूर, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. काही दिवसांत देशातल्या मोठ्या पोकर साइट्सनी पैशाचे टेबल गुंडाळले. कायद्याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २०२३ पासून याच खेळांत भरलेल्या पैशांवर सरकार २८ टक्के जीएसटी लावत होतं, हेही विसरू नका.

या कायद्याने एक गोष्ट चांगली केली असं माझं मत आहे. कौशल्य की नशीब हा प्रश्न त्याने बाजूला ठेवला. तो प्रश्न मुळात चुकीचाच होता. खेळात कौशल्य आहे म्हणून हरणाऱ्याचं घर वाचत नाही. उलट कौशल्याच्या खेळात कच्चा माणूस जास्त खात्रीने हरतो. खरा प्रश्न साधा आहे: एका माणसाला एका रात्रीत किती हरता येतं?

सरकारने त्या वेळी एक अंदाज सांगितला होता. ४५ कोटी लोकांना या खेळांचा फटका बसतो आणि २०,००० कोटींहून जास्त रुपये बुडतात. आता भागाकार करा. माणशी येतात साधारण ४४५ रुपये. जुहूला दोघांनी सिनेमा बघायचा म्हटलं तर याहून जास्त जातात. म्हणजे हा आकडा खरा धरला तरी सर्वसाधारण खेळणाऱ्याचं काही बुडालेलं नाही. बुडाले ते थोडे, पण ते पार गळ्यापर्यंत बुडाले. ज्यांनी पगार घातला, बायकोचे दागिने घातले, लोन अ‍ॅपवरून उचल घेतली. त्यांच्यासाठी कुठेच मर्यादा नव्हती. आणि जी गोष्ट मर्यादा घालून आटोक्यात आणता आली असती ती सरकारने सरसकट बंद केली.

आता आमच्या नेहरूनगरच्या पोराकडे वळू या.

टूर्नामेंटची एक मोठी जमेची बाजू असते. रोख पैशांच्या टेबलावर तुम्ही खिशातून पुन्हा पुन्हा काढत राहू शकता. टूर्नामेंटमध्ये फी भरली तेवढंच नुकसान. पण आक्रमक शैलीची किंमत वेगळी आहे. अशा खेळात तुम्ही लवकर आणि वारंवार बाहेर पडता. जेव्हा टिकता तेव्हा मात्र ढीगभर चिप्स घेऊन वर जाता आणि मोठं बक्षीस घेता. दीर्घ पल्ल्यात हे फायद्याचं आहे. प्रश्न त्या पल्ल्याच्या लांबीचा आहे.

हिशोब करा. चांगला खेळाडूही शंभरातल्या पंधराएक टूर्नामेंटमध्ये बक्षिसात येतो असं धरा. मग ओळीने दहा टूर्नामेंट पूर्ण रिकाम्या जाण्याची शक्यता किती? जवळपास पाचात एक. म्हणजे नीट, बरोबर, पुस्तकात लिहिल्यासारखं खेळून. ५,५०० रुपयांची एक फी धरली तर दहाचे झाले ५५,०००. ज्याला महिना तीस हजार मिळतात त्याचा दोन महिन्यांचा पगार जवळजवळ गेला, आणि त्याने एकही चूक केलेली नाही.

म्हणून जाणकार सांगतात की टूर्नामेंट नेमाने खेळायच्या असतील तर किमान शंभर फींइतका पैसा बाजूला हवा. ५,५०० च्या फीला साडेपाच लाख, जे बुडाले तरी घर चालेल. जुहू स्कीमच्या बंगल्यातल्या मुलाला ही अट फार नाही. त्याच्यासाठी आक्रमक खेळ ही शैली आहे. गल्लीपलीकडच्या पोराने तीच शैली त्याच तडफेने वापरली तर ते त्याच्या घराचं भाडं असतं. दोघांचे पत्ते सारखे, हिंमत सारखी, गणित सारखं. फक्त एकाला पाचात एक वेळ येणारा खराब काळ परवडतो आणि दुसऱ्याला नाही.

आणि ज्या हिरोंचे व्हिडिओ बघून तो शिकतो त्यांच्याबद्दल एक गोष्ट. मोठ्या टूर्नामेंट खेळणारे बरेचसे व्यावसायिक पूर्णपणे स्वतःच्या पैशावर खेळत नाहीत. फीचा मोठा वाटा दुसरे भरतात आणि जिंकलं तर वाटणी होते. पोकरच्या जगात हे उघड आहे, त्यात काही गैर नाही. पण मग त्या व्हिडिओतली बेदरकार ऑल-इन कुणाच्या जिवावर चाललीय हे बघणाऱ्याला कळायला हवं. महाभारतातलं द्यूत आठवा. फासे शकुनी टाकत होता, पणाला लावलेलं धन दुर्योधनाचं होतं. युधिष्ठिराने त्याला हरकतही घेतली होती. हरकत घेऊनही तो खेळायला बसला, आणि समोर स्वतःचं राज्य लावून बसला.

त्याच कथेतला दुसरा भाग तर आजच्या टूर्नामेंट चालवणाऱ्यांनी भिंतीवर लावावा. पहिल्या द्यूतात सगळं हरल्यावर धृतराष्ट्राने सगळं परत केलं. पांडव निघाले. वाटेतून परत बोलावलं, युधिष्ठिर पुन्हा बसला, आणि बारा वर्षं वनवास व एक वर्ष अज्ञातवास घेऊन उठला. याला अनुद्यूत म्हणतात. आजच्या भाषेत री-एन्ट्री. टूर्नामेंटचा जो एकमेव मोठा गुण, की नुकसान एका फीपुरतं, तो री-एन्ट्रीने संपतो. बाहेर पडलात? पुन्हा फी भरा, पुन्हा बसा. डोकं तापलेलं असताना, हरल्याला पाच मिनिटं झाली नसताना. मग आक्रमक खेळ आणि चिडून खेळणं यातली रेघ कोणालाच दिसत नाही, खेळणाऱ्याला तर नाहीच.

बंदीने हे थांबेल? मुंबईला तरी हे सांगू नका. साठच्या दशकात या शहरात मटका उभा राहिला. त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर आकडा लागायचा. तो मार्ग बंद झाला तेव्हा लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढल्या. बेकायदा असूनही तो दशकानुदशकं गिरणगावाच्या पगारावर पोसला गेला. आता मडक्याच्या जागी मोबाइल आहे. बाहेरदेशी चालणारी अ‍ॅप्स आहेत, एजंटामार्फत चिप्स देणारे खासगी क्लब आहेत, फ्लॅटमधल्या बैठका आहेत. तिथे ना रोजची मर्यादा, ना तक्रारीला जागा, ना पत्ते नीट पिसले गेलेत याची खात्री. हरलेले पैसे वसूल करायला येणारा माणूस मात्र नक्की असतो.

आणि सरकारने नैतिकतेची गोष्ट तर करूच नये. ज्यात कौशल्याचा लवलेश नाही ती महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून सरकार स्वतः विकतंय. महालक्ष्मीला घोड्यांवर परवान्याने पैसे लागतात. शेजारच्या गोव्यात मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजं उभी आहेत. त्यांच्यात २०२० पासून गोवेकरांना जुगार खेळायला बंदी आहे आणि मुंबईच्या पोरांचं स्वागत आहे. म्हणजे हे आपल्या माणसाला घातक आहे हे गोवा सरकारलाही कळतं. प्रश्न फक्त ‘आपला’ कोण एवढाच. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, कधी अमलात आणला नाही, आणि २०२३ मध्ये तो रद्द करायचं ठरवलं. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही.

माझं म्हणणं असं. पोकरची टूर्नामेंट रोख पैशाच्या टेबलापासून कायद्याने वेगळी काढा. परवाना द्या आणि अटी घाला. एका माणसाला एका टूर्नामेंटमध्ये एकच प्रवेश, री-एन्ट्री नाही. महिन्याला एकूण किती फी भरता येईल यावर मर्यादा, आणि ती वाढवायची तर उत्पन्नाचा पुरावा. उधारीवर प्रवेश देणाऱ्याचा परवाना रद्द. आयोजकाचा कट किती आणि किती जणांना बक्षीस मिळणार हे दारावर मराठीत लावायचं. एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. यातलं एकही कलम लिहायला पोकरमध्ये कौशल्य किती टक्के हे ठरवावं लागत नाही.

‘जुगार तो जुगार, त्याला परवाना कसला?’ असं म्हणणाऱ्यांचा मला राग नाही. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांचं तर अजिबात नाही. त्यांना एवढंच विचारतो की बंदीमुळे तुमच्या घरातला माणूस खेळायचा थांबला की तुम्हाला सांगायचा थांबला?

आणि पोरांनो, तुमच्यासाठी. आक्रमक खेळायला जरूर शिका. त्यातलं गणित सुंदर आहे. भीती कुठे खरी आणि कुठे उगाच हे ते शिकवतं. मित्रांत बसून, बिनपैशाच्या चिप्सवर शिकता येतं, आणि कौशल्य असेल तर तिथेही दिसतं. पैसे लावून खेळायला जाल तेव्हा निघण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा: या वर्षी एकूण किती हरायची तयारी आहे, आजवर किती हरलो, आणि त्यातले किती घरी माहीत आहेत. शेवटच्या दोन आकड्यांत फरक पडायला लागला की खेळ थांबवायची वेळ झाली. मग तुमची रेझ कितीही बरोबर असो.

टेबलावर आक्रमक व्हायचा हक्क त्यालाच आहे ज्याला टेबलावरून उठून सरळ घरी जाता येतं.

तुमच्या घरात, सोसायटीत, ऑफिसात याचे बरे-वाईट अनुभव असतील तर कमेंटमध्ये लिहा. नावं नकोत, फक्त काय झालं ते लिहा. आणि मर्यादा किती असावी याचा एक आकडा प्रत्येकाने सांगा. वाद त्यावर व्हायला हवा.